रूर नदीचे रविवार

लग्नाला चार महिने झाले होते, तेव्हा एका सकाळी माझ्या बायकोनं चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मला परत पाठवाल का?"

ती रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. न बसणारी चप्पल दुकानात परत करताना बोलावं, तशा आवाजात तिनं विचारलं. मी जर्मनीत आखेनच्या टेक्निशे होखशूलमध्ये, म्हणजे तंत्रविद्यापीठात, पोलादावर डॉक्टरेट करत होतो. कुठलं पोलाद किती तापमानाला दगा देतं हे मला तोंडपाठ होतं. बायकोच्या प्रश्नावर मात्र मी म्हणालो, "साखर कमी पडलीय." मी हा असा माणूस. पुढचं सगळं त्या बेतानं वाचावं.

साल अठ्ठावन्न. त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी रजा काढून बोटीनं घरी, नगरला गेलो होतो. मुलगी श्रीपादमामा पाहून आले होते, पसंत आईनं केली होती, माझ्या वाट्याला फक्त बोहल्यावर उभं राहणं आलं. लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायला मला सांगितलं. मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "वसुधा." मी वसुधा लिहिलं. शेवटचा काना जरा ताटाच्या काठाला लागला, एवढं मला आठवतं. अठराव्या दिवशी मी एकटाच परत निघालो आणि मार्चात ती मागाहून आली, इटलीतल्या जिनोव्हापर्यंत बोटीनं आणि तिथून आगगाडीनं, एक ट्रंक आणि मेतकुटाचा डबा घेऊन.

आम्ही फ्राऊ एसर नावाच्या विधवा बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर एका खोलीत राहायचो. बाई भल्या होत्या. फक्त रविवारी फोडणी करायची नाही, असा त्यांचा दंडक होता. शेजारपाजारचे लोक चर्चमधून येतात, त्यांच्या नाकात हिंग जायला नको. आठवडाभर मी भट्टीपाशी असायचो. रविवारी आम्ही दोघं त्या खोलीत समोरासमोर बसायचो आणि बोलायला काही सापडायचं नाही. मी तिला 'अगं' म्हणायचो, ती मला 'अहो' म्हणायची. खोलीत तिसरं माणूस नसल्यावर तेवढ्यावर भागतं.

तर त्या दिवशी चहा पिऊन झाल्यावर मी तिला जिन्याखाली घेऊन गेलो. तिथे भिंतीवर बाईंच्या नवऱ्याचा जुना नकाशा लटकत होता. त्यावर एक नदी होती, रूर. ही कोळशाच्या खाणींची रूर नव्हे. ही लहान, डोंगरातली, मोनशाऊ गावापासून हाइमबाख, ड्यूरेन, युलिश अशी उत्तरेला जात जात हॉलंडात शिरणारी. एसरसाहेबांनी तिच्या काठाकाठानं तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती. दर रविवारी थोडं थोडं चालायचं, संध्याकाळी जवळच्या बानहोफवरून आगगाडीनं घरी यायचं, आणि पुढच्या रविवारी तिथूनच पुढे सुरुवात करायची, अशी त्यांची पद्धत होती.

"ही नदी आपण चालू या," मी म्हणालो. "डच सरहद्दीपर्यंत. तिथे पोचल्यावरही तुला परत जायचं असेल, तर मी तिकीट काढून देतो. शब्द आहे माझा."

तिनं नकाशावर बोट ठेवून नदी वरपासून खालपर्यंत नेली. "किती रविवार?"

"आठ. फार तर नऊ."

"बरं," ती म्हणाली. मला हुशारी केल्यासारखं वाटलं. मला फक्त वेळ हवा होता. त्या वेळात करायचं काय, ते मला माहीत नव्हतं.

पहिल्या रविवारी आम्ही एकवीस किलोमीटर चाललो. मी पुढे, ती मागे चार पावलांवर. वाट अरुंद होती हे खरं, पण रुंद असती तरी काही वेगळं झालं नसतं. आमच्या घरात वडील असेच चालायचे. मी मागे वळून बघत नसे. पावलांचा आवाज येतोय ना, मग झालं. तिच्या पायांत फ्राऊ एसरचे जुने बूट होते, पुढे कापूस कोंबलेले, आणि पातळ तिनं घोट्याच्या वर खोचलेलं. समोरून येणारे जर्मन लोक टोपी उचलून "गुटन टाग" म्हणायचे आणि मग दहा पावलं गेल्यावर थांबून बघायचे.

दुपारी आम्ही काठावर बसायचो. रुकझाकमधून ती राय धान्याच्या काळ्या पावाच्या चकत्या आणि जवसाची चटणी काढायची. जवस जर्मनीत पोट साफ होण्यासाठी म्हणून विकतात. हिनं ते दुकानात बघितलं, वास घेतला, अर्धा किलो आणलं आणि लसूण-तिखट घालून खलबत्त्याऐवजी बाटलीनं कुटलं. चटणी त्याच मेतकुटाच्या डब्यात असायची. मी तीन चकत्या खायचो आणि म्हणायचो, "छान." एवढं बोलून माझा कोटा संपायचा.

ती मात्र नदीशी फटकून नव्हती. ती वाईची, कृष्णेत पोहून मोठी झालेली. मी नगरचा, आमची सीना वर्षातले आठ महिने वाळू. कुठे पाणी खोल आहे, कुठे भोवरा आहे, हे ती उभ्या उभ्या सांगायची. हाइमबाखच्या अलीकडे धरणाचं मोठं पाणी लागलं, तेव्हा ती किती तरी वेळ हलली नाही. मी घड्याळ बघत होतो. मग ती स्वतःशीच हसली. ते हसू मी तिरप्या डोळ्यानं पाहिलं. तोवर मला वाटत होतं की ती गेली तर आईला काय सांगायचं हा प्रश्न आहे. त्या दिवसापासून प्रश्न वेगळा झाला. ती जाऊ नये असं मला वाटायला लागलं, आणि ते तिला कसं सांगतात हे मला ठाऊक नव्हतं.

म्हणून मी इंजिनियरला सुचेल तेच केलं. उरलेल्या अंतराचे तुकडे लहान केले.

जूनमध्ये भट्टीचं काम निघालं. जुलैत माझी टाच दुखली, सप्टेंबरात एकदा आभाळ भरून आलं होतं. ड्यूरेनपासून युलिशला एका दिवसात सहज जाता येतं. मी त्याचे तीन केले. लढाईत ती दोन्ही गावं पार भुईसपाट झालेली, आता सगळीकडे नव्या विटांची घरं आणि काड्यांएवढी नवी झाडं. मी तिला प्रत्येक नव्या पुलापाशी थांबवून पोलादाची माहिती सांगायचो. ती ऐकून घ्यायची. नकाशावर मी आमची रेघ काढायचो, तिकडेही ती बघायची आणि काही बोलायची नाही. मला वाटलं, हिला नकाशातलं काय कळतंय.

नोव्हेंबरातल्या तिसऱ्या रविवारी आम्ही लिनिश गाव सोडलं तेव्हा साधं धुकं होतं. तासाभरात ते इतकं दाटलं की नदी पाच हातांवर असून नुसती ऐकू येत होती. त्या भागात काठानं वाळुंजाची झाडं आहेत, टोपल्या विणणारे लोक त्यांचे फोक छाटून नेतात. मी नेहमीसारखा पुढे चाललो होतो आणि मनात सरहद्दीपर्यंतचे तुकडे मोजत होतो. धुकं फार वाढलंय असं मी म्हणालो, आणि उत्तर आलं नाही. मागे वळलो. मागे कुणी नव्हतं.

"अगं," मी म्हणालो. मग मोठ्यानं म्हणालो. त्या धुक्यात 'अगं' किती फुसकं वाटतं, ते मला तेव्हा कळलं. ती हाक कुणालाही मारता येते. मी परत फिरलो आणि धावायला लागलो. वाट निसरडी होती, डावीकडे पाणी होतं. तिला पोहता येतं हे मी मनाला बजावत होतो आणि त्याच वेळी पातळ, जाड कोट आणि कापूस भरलेले बूट हेही आठवत होतं. मी पहिल्यांदा तिच्या नावानं ओरडलो. "वसुधा. वसुधा." आठ महिन्यांत ते नाव मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. मी घसा फाटेपर्यंत ओरडलो. तिनं ओ दिली नाही.

लांबून कुठून तरी पत्रा वाजवल्यासारखा आवाज येत होता. कुणी शेतकरी गाईंना बोलावतोय असं समजून मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मी ओल्या गवतावर बसलो होतो आणि देवाला काय काय कबूल करत होतो ते इथे लिहीत नाही. वारा सुटला, धुकं थोडं फाटलं, आणि नदीच्या पलीकडच्या काठावर, अगदी माझ्या समोर, ती उभी दिसली. एका हातात चटणीचा डबा, दुसऱ्या हातात चमचा.

"तिकडे कशी गेलीस?" मी उठून ओरडलो.

"मागे पूल होता ना. पलीकडे ते लोक फोक छाटत होते, ते बघायला गेले. वाटलं, तुम्ही थांबाल."

"मी इतका ओरडलो. ऐकू नाही आलं?"

"आलं की," ती म्हणाली. "कुणीतरी वसुधाला शोधत होतं."

मी काठाशी गेलो. मधे वीस हात पाणी वाहत होतं.

"खरंच सांगते," ती म्हणाली, "थट्टा नाही करत. मला वाटलं, हरवली असेल कुणी, सापडेल. इथे दुसरं कोण मराठी असणार, हेही डोक्यात आलं नाही. मग एकदम कळलं की ती मीच. तोवर तुमचा आवाज लांब गेला होता. मला तुमचं नाव घेऊन हाक मारता येईना, 'अहो' पोचेना, म्हणून डबा वाजवत बसले."

मागचा पूल अर्ध्या तासावर होता आणि पुढचाही साधारण तितकाच. ती म्हणाली, पुढेच जाऊ. मग ती तिच्या काठानं आणि मी माझ्या काठानं असे निघालो. आठ महिन्यांत पहिल्यांदाच आम्ही एकमेकांच्या बरोबरीनं चालत होतो, कारण मधे नदी असल्यावर कुणी कुणाच्या मागे राहत नाही. आणि ओरडून बोलावं लागत होतं. मराठी कळणारं पन्नास मैलांत कुणी नव्हतं. जे बंद खोलीत कधी कुजबुजलो नसतो ते आम्ही दोन काठांवरून ठणठणीत आवाजात बोललो.

मी तिचं आधीचं नाव आठवायचा प्रयत्न करत होतो. लग्नपत्रिकेवर ते होतं, मी एकदा वाचलंही असेल. विसरलो असंही म्हणता येत नाही, विसरायला ते आधी लक्षात असावं लागतं. मुलगी बघायला गेलेला कुठलाही मुलगा पहिला प्रश्न विचारतो तो मी विचारलाच नव्हता, कारण मी गेलोच नव्हतो. शेवटी मी थांबलो आणि पाण्यावरून ओरडून विचारलं, "तुझं नाव काय?"

तीही थांबली. काठाच्या अगदी जवळ आली.

"सुलेखा."

"काय? पाण्याचा आवाज येतोय."

मी खोटं बोललो. मला पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आलं होतं.

"सुलेखा," तिनं मोठ्यानं सांगितलं. इतक्या मोठ्यानं की वाळुंजांतून दोन बदकं उडाली. मग ती रडायला लागली आणि रडत रडतच चालत राहिली, आणि मी पलीकडून नुसता बघत राहिलो. हात पुरत नव्हता.

"मला इथली थंडी नडत नाही," ती म्हणाली. "तुम्हीही वाईट नाही. पण इथे आल्यापासून मी कुणीच उरले नाही हो. तुम्ही अगं म्हणता. एसरबाई फ्राऊ जोगळेकर म्हणतात. माझ्या आईच्या पत्रातसुद्धा 'चिरंजीव सौभाग्यवती वसुधा हिस' असतं. तुम्ही वाचलंत तर बरं दिसावं म्हणून तिनंही नाव सोडलं. मला घरी जाऊन तिच्या तोंडून एकदा हाक ऐकायची होती. तेवढ्यासाठी परत पाठवा म्हटलं."

"मला वाटलं, तुला मी आवडलो नाही."

"तुमची नीट ओळख कुठे झालीय," ती म्हणाली, "न आवडायला?"

पुढे आम्ही काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. तिनं वर्गातल्या पहिल्या नंबराचं सांगितलं, मी भट्टीत वाया गेलेल्या सहा महिन्यांच्या प्रयोगाचं सांगितलं, जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पूल दिसायला लागला तेव्हा मला वाईट वाटलं. पुलाच्या मध्यावर आम्ही भेटलो. मी तिच्या हातातला डबा घेतला. चमच्यानं बडवून बडवून त्याला पोचे पडले होते.

तरी शब्द तो शब्द. दुसऱ्या दिवशी मी बोटीच्या कचेरीत गेलो आणि जिनोव्हाहून चौदा जानेवारीला सुटणाऱ्या बोटीवर एक जागा धरून ठेवायला सांगितलं. आईच्या तोंडची हाक ऐकायची इच्छा मी नाकारणार तरी कुठल्या तोंडानं. त्यांनी टाइप केलेला कागद दिला, तो मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. उरलेलं अंतर तीन रविवारांचं होतं आणि ह्या वेळी मी एकही लांबवला नाही. वाटेत आता ती कधी पुढे असायची, कधी मी. वाट रुंद असेल तिथे शेजारी.

शेवटचा रविवार डिसेंबरातला पहिला होता. कार्केन गावाच्या पुढे सपाट शेतं आणि मातीचा बांध, बांधावरून वाट. कस्टमचा एक शिपाई सायकलवरून आला आणि आमचं रुकझाक उघडायला लावलं. हॉलंडातून कॉफी चोरून आणणारे लोक त्याच्या डोक्यात असणार. त्यानं डबा उघडला, नाक आत घातलं आणि चार वेळा शिंकला.

"आल्झो, म्हणजे कॉफी नाही," तो डोळे पुसत म्हणाला. "पण ह्या खांबापुढे जाऊ नका. तुमच्या पासपोर्टावर पुढचा शिक्का नाही."

तो गेला. खांबापलीकडेही तेच गवत होतं, तेच पाणी होतं. नदी न थांबता पुढे जात होती. मी खिशातला कागद काढला. घडी उघडून तिच्यापुढे धरला.

"नदी संपली," मी म्हणालो. "चौदा जानेवारीची बोट आहे. तू जाऊ नयेस असं मला फार वाटतं. पण शब्द दिला होता."

तिनं कागद घेतला आणि सावकाश वाचला. कचेरीतल्या बाईनं पासपोर्टावरचं नाव घातलं होतं, फ्राऊ वसुधा जोगळेकर. तिनं त्या नावावर बोट ठेवलं.

"ह्या बाईंना जायचं असेल तर जाऊ देत," ती म्हणाली. "मी नाही जात."

तिनं कागदाची घडी केली आणि माझ्याच खिशात घातली.

"आणि तुकडे करायचे तर नीट करावेत," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी एकवीस किलोमीटर, आणि ड्यूरेनपासून दिवसाला सात? मला काय मोजता येत नाही? शाळेत गणितात पहिली यायचे मी."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणीतरी मला थांबवायला बघतंय, हे बरं वाटत होतं."

मी रुमाल शोधायला लागलो. ती नदीकडे बघत होती, पलीकडच्या बांधाकडे.

"ह्या काठानं आलो," ती म्हणाली. "त्या काठानं परत मोनशाऊला जायला किती रविवार लागतील?"

मी मनात आकडेमोड सुरू केली आणि मग सोडून दिली. "तू सांग," मी म्हणालो.

ती काही न सांगता रुकझाक माझ्याकडे देऊन, डबा काखेत मारून मागच्या पुलाच्या दिशेनं निघाली, आणि मी बुटाची नाडी बांधेपर्यंत बांधाच्या वळणाआड दिसेनाशी झाली. मी हाक मारली, "सुलेखा."

वळणापलीकडून डबा दोनदा वाजला.